बडोद्यात राहून अरबी समुद्रातल्या प्लँक्टनवर वर्षभर नजर कशी ठेवायची

प्लँक्टन म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. ते बघायचं म्हटलं की बहुतेक लोक एक थेंब पाणी मायक्रोस्कोपखाली ठेवतात, काहीतरी वळवळताना दिसतं, मोबाईलने फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि विषय तिथेच संपतो. पण खरी मजा तिथून पुढे आहे. आज जो जीव पाण्यात भरभरून दिसतोय तो पंधरा दिवसांनी शोधून सापडत नाही, त्याच्या जागी भलताच कोणी आलेला असतो, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पहिला परत येतो किंवा येत नाही, आणि का येत नाही हे कळलं की वारा, पाऊस, समुद्राचं तापमान, मासे सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसायला लागतं. हे होतं कारण यातले एकपेशीय जीव परिस्थिती चांगली असली की दिवसभरात एकाचे दोन होतात, म्हणजे चार-सहा आठवड्यांत कितीतरी पिढ्या होऊन जातात. म्हणून एक नमुना म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तीच जागा, तीच पद्धत, तीच वेळ, आणि परत परत, एवढं जमवलं तर घरगुती सामानातून सुद्धा कामाची माहिती मिळते.

आता बडोद्याला समुद्र कुठे, असं कोणी म्हणेल. जवळ म्हणाल तर कावी-कंबोई, स्तंभेश्वरला भरतीच्या वेळी महादेव पाण्याखाली जातात ते बघायला आपण सगळेच जातो. पण ते खंबातचं आखात, तिथे मही, नर्मदा, तापी, साबरमती सगळ्यांचा गाळ येऊन पडतो आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी एक तिथे असल्यामुळे तो गाळ कधी बसतच नाही. उजेडच आत जात नाही तर वनस्पती-प्लँक्टन वाढणार कसं, आणि जाळी टाकली तर पाच मिनिटांत चिखलाने बंद. तिथे दर्शन घ्या, नमुना घेऊ नका. आपल्या कामाचं पाणी आहे ओखा-द्वारकेचं.

आणि ओख्याशी आपलं नातं जुनं आहे बरं का. ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने तिथल्या समुद्री जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करून घेतली होती, १९०९ आणि १९१६ ला त्याचे दोन अहवाल निघाले. शंभर वर्षांपूर्वी बडोदा सरकार समुद्रातले किडे-शिंपले मोजायला पैसे खर्च करत होतं, याचा मला फार अभिमान वाटतो, आणि निदान आपण बडोदेकरांनी तरी हे विसरू नये.

आधी कॅलेंडर डोक्यात बसवा

काय बघायचंय हे माहीत नसेल तर वर्षभर नमुने घेऊन काही हाती लागत नाही. उष्ण समुद्रात ढोबळ नियम असा की वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड, आणि खतं सगळी खाली. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका सगळं खाली पडलेलं आणि उजेड वर. कोणीतरी येऊन हे दोन थर ढवळले तरच वर हिरवळ येते. जगातल्या बऱ्याच उष्ण समुद्रांत ते ढवळणं वर्षभर कमीच असतं, म्हणून तिथे निळंशार, जवळजवळ रिकामं दिसणारं पाणी. अरबी समुद्र वेगळा आहे, इथे वर्षातून दोनदा ढवळतं, आणि दोन्ही वेळी कारण वेगळं.

पहिलं पावसाळ्यात. नैऋत्येचा जोरदार वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. आपल्याकडे केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालाही हे होतं, आणि तारली माशांचा धंदा बराचसा त्याच्यावर चालतो. गुजरातच्या किनाऱ्याला मात्र हे वर येणं तसं नाही, हे लक्षात ठेवा, कारण बरेच लेख केरळचं वर्णन उचलून गुजरातला लावतात.

आपल्याकडची मोठी घटना हिवाळ्यातली. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून कोरडा थंड वारा समुद्रावर जातो. उत्तरायणला गच्चीवर पतंग चढवायला आपण ज्या वाऱ्याची वाट बघतो ना, त्याच मोसमातला. त्याने समुद्राचं बाष्पीभवन होतं, वरचं पाणी गार आणि जास्त खारट होऊन जड होतं, ते खाली बुडतं आणि खालचं वर येतं. वारा पाणी बाजूला ढकलत नाही, पाणी स्वतःच्या वजनाने उलटतं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर अरबी समुद्र उपग्रहातून हिरवा दिसतो.

मग मार्च ते मे वारा पडतो, ऊन तापतं, वर गरम पाण्याचं झाकण बसतं आणि खतं संपतात. या काळात राज्य बारक्यांचं. प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीव आहे, साधारण ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्यांमध्ये संख्येने सगळ्यात जास्त, आणि तरी १९८० च्या दशकापर्यंत कोणाला माहीतच नव्हता इतका लहान. तो आपल्याला दिसणार नाही. पण त्याच वेळी ट्रायकोडेस्मियम येतं आणि ते दिसतं, अगदी डोळ्यांनी. लाकडाचा भुसा पाण्यावर सांडावा तसे पिवळट-तपकिरी पट्टे, जुने दर्यावर्दी त्याला समुद्राचा भुसाच म्हणायचे. ते हवेतला नायट्रोजन थेट वापरू शकतं, म्हणून खत संपलेल्या पाण्यात त्याचं फावतं. ऑक्टोबरमध्ये असाच एक छोटा गरम काळ येतो आणि मग परत हिवाळा.

आता यात एक गोष्ट फार महत्त्वाची. २००० च्या आसपासपर्यंत उत्तर अरबी समुद्रातल्या हिवाळी बहरात डायटमचा जोर असायचा, म्हणजे काचेच्या डबीत राहणारे एकपेशीय शैवाल. त्यानंतर हिरवा नॉक्टिल्युका दरवर्षी मोठ्या प्रमाणात यायला लागला. हा गोल फुग्यासारखा, पाव ते एक मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे बाटली उजेडात धरली की ठिपका दिसतो, आणि त्याच्या पोटात हजारो हिरवे सूक्ष्म जीव राहतात जे त्याला अन्न बनवून देतात, वर तो स्वतः डायटमही खातो. म्हणजे दोन्हीकडून कमाई. तो का वाढला यावर वाद आहे. २०१४ मध्ये एका गटाने मांडलं की खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतंय आणि ते त्याला मानवतं, नंतर भारतीय शास्त्रज्ञांनी जहाजावरून मोजमाप घेऊन दाखवलं की बहर होता तिथे वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर होता. वाद चालू राहू दे, आपल्या कामाचा मुद्दा हा की उपग्रहातून बघितलं तर डायटमचा हिवाळा पण हिरवा आणि नॉक्टिल्युकाचा हिवाळा पण हिरवा. किती आहे ते रंग सांगतो, कोण आहे ते पाणी उचलल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोन्ही करायचं.

काम पहिलं : घरून उपग्रह

याला एक पैसा लागत नाही. नासाची वर्ल्डव्ह्यू म्हणून साईट आहे, ब्राउझरमध्ये उघडा, लेयर जोडायचं बटण दाबून क्लोरोफिल शोधा, म्हणजे वनस्पतींमधला हिरवा रंग, मोडिस, व्हिर्स हे उपग्रहांवरचे कॅमेरे किंवा २०२४ मध्ये गेलेल्या पेस उपग्रहाचं कोणतंही एक घ्या आणि खाली तारखेची पट्टी सरकवत जा. ओख्याच्या नैऋत्येला उघड्या समुद्रावर नजर ठेवा. नोव्हेंबर ते मार्च आठवड्याचा एक दिवस असं सरकवलं तर हिरवे भोवरे कसे उठतात, फिरतात, फाटतात ते दिसतं, मुलांना बसवून दाखवा, कार्टून सोडून बघतात.

पण नुसतं बघून वही भरत नाही, आकडे हवेत. त्यासाठी नासाचीच जिओव्हानी ही आकडे काढून देणारी साईट, फुकट लॉगिन लागतं. त्यात चौकोन काढता येतो. मी सांगेन की दोन चौकोन कायमचे ठरवून टाका, एक उत्तर अक्षांश २० ते २२ आणि पूर्व रेखांश ६४ ते ६७, दुसरा लांब दक्षिणेला १० ते १२ आणि ६४ ते ६६. दोन्हीचे महिन्याचे सरासरी क्लोरोफिल काढा, २००३ पासून पुढे, आणि एकाच आलेखावर ठेवा. उत्तरेचा चौकोन हिवाळ्यात उसळी मारेल, दक्षिणेचा तेव्हा शांत असेल, आणि हिवाळी ढवळणं ही उत्तरेची भानगड आहे हे कोणी न सांगता समजेल. आकड्यांचा अंदाज असा, घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास म्हणजे निळं उपाशी पाणी, १ च्या वर गेलं की बहर. आणि आलेखाची उभी पट्टी लॉग स्केलवर ठेवा, म्हणजे ०.१, १, १० समान अंतरावर येतात, नाहीतर एका मोठ्या बहरामुळे बाकी सगळं वर्ष सपाट रेघ दिसेल.

यात फसायच्या जागा तीन-चार आहेत, त्या नीट समजून घ्या कारण इथेच लोक चुकीचे निष्कर्ष काढतात. एक, जून ते सप्टेंबर ढग, रंग बघणारा उपग्रह ढगातून बघू शकत नाही, त्यामुळे पावसाळ्याच्या सरासरीत मोजके उघडे दिवसच असतात आणि तो आकडा इतर महिन्यांएवढा विश्वासाचा नाही. दोन, खंबातचं आखात नकाशावर कायम लालभडक दिसेल, ते क्लोरोफिल नाही, गाळ आहे, गणिताला तो फरक कळत नाही, म्हणून किनाऱ्याला चिकटून चौकोन काढायचा नाही. तीन, उपग्रहाला वरचाच थर दिसतो आणि उष्ण उघड्या समुद्रात बऱ्याचदा सगळ्यात हिरवा थर ५० ते १०० मीटर खाली असतो, म्हणजे मे महिन्यात पाणी उपाशी दिसलं तरी खाली पंगत चालू असू शकते. आणि चौथं, वेगवेगळ्या उपग्रहांचे आकडे एकाला एक जोडून रेघ ओढायची नाही. सीविफ्स १९९७ ते २०१० चालला, मोडिस २००२ पासून, दोघांचं कॅलिब्रेशन वेगळं, जोडाच्या जागी खोटी पायरी दिसते. युरोपियन स्पेस एजन्सीने सगळे जुळवून एक सलग मालिका केलेली आहे, लांब काळ हवा असेल तर ती वापरा.

आपलं इस्रो पण यात मागे नाही. १९९९ चा ओशनसॅट, मग २००९ चा, मग नोव्हेंबर २०२२ चा, तिन्हीवर समुद्राचा रंग बघणारा कॅमेरा बसवलेला, आणि त्याच्यावर काम करणारं स्पेस ॲप्लिकेशन सेंटर इथे अहमदाबादला. हैदराबादचं इन्कॉइस हेच क्लोरोफिल आणि तापमान वापरून मच्छिमारांना मासे कुठे मिळतील याची सूचना देतं, बहर आला तर त्याचीही माहिती देतं. ओख्याला जायच्या आधी त्यांच्या साईटवर नजर टाकून जा.

काम दुसरं : हात बसवा

ओख्याला जाऊन पहिल्यांदा जाळी हातात धरू नका. इथेच सराव करा, गोड्या पाण्यात. पण विश्वामित्रीच्या काठाला जायचं नाही म्हणजे नाही, मगरी आहेत हे प्रत्येक बडोदेकराला माहीत आहे तरी दरवर्षी कोणीतरी काठावर दिसतंच. आजवा सरोवरातही मगरी आहेत. सूरसागरला पाण्यापर्यंत जायचं तर परवानगी विचारून, नाहीतर नुसती सेवउसळ खाऊन या. सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या कोणाच्या शेततळ्यातून एक बादली पाणी आणा आणि गच्चीवर टबमध्ये अर्ध्या सावलीत ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधून, ते विसरलात तर डासांची पैदास होईल.

हा टब दोन दिवसांआड बघा. सुरुवातीला बारीक हिरवे कण वाढतात आणि पाणी गढूळ हिरवं होतं. मग त्यांना खाणारे एकपेशीय, मग रोटिफर, डोक्यावर केसांचं चक्र फिरवणारे, मादी पोटाला अंडी चिकटवून फिरते ती ओळखायला सोपी. त्यानंतर मोइना किंवा डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, टुणटुण उड्या मारणारे, ते इतकं खातात की एक दिवस पाणी स्वच्छ दिसायला लागतं आणि वाटतं सगळं मेलं, पण ते खाल्लं गेलेलं असतं. हा जो क्रम आहे, खाणं वाढलं, खाणारे वाढले, खाणं संपलं, खाणारे पडले, तो एकदा डोळ्यांनी बघितला की समुद्रातला क्रम वाचून पाठ करावा लागत नाही. समुद्रात फक्त नावं बदलतात, आणि वरून प्रवाह वाहत असतो.

मायक्रोस्कोप म्हणाल तर शाळेचा १०० पट वाढवणारा पुरे. तोही नसेल तर फोल्डस्कोप, स्टॅनफोर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी मायक्रोस्कोप, साधारण १४० पट वाढवतो आणि मोबाईलला चिकटतो.

जाळी अशी करा. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे नायलॉन किंवा पॉलिएस्टरची मेश मिळते, सेंटीमीटरला १२० धाग्यांची मागा, तिची भोकं साधारण ५० मायक्रॉनची असतात. २० सेंटीमीटर व्यासाची स्टीलची रिंग, कापड शंकूसारखं शिवून साधारण ६० सेंटीमीटर लांब, शेवटी टोकाला छोटी प्लास्टिकची बाटली होज क्लॅम्पने आवळायची. शिंप्याकडून दुहेरी शिलाई करून घ्या आणि शिलाईच्या भोकांवर आतून सिलिकॉन लावा, कारण ती सुईची भोकं मेशच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असतात आणि अर्धा माल तिथून जातो. रिंगला तीन दोऱ्या समान लांबीच्या, खाली चार नट-बोल्टचं वजन. ओढायची हळू, माणूस रमतगमत चालतो त्यापेक्षाही हळू, जोरात ओढलीत तर तोंडापुढे पाणी साचून बाजूला फेकलं जातं आणि आत काही शिरत नाही. बाहेर काढल्यावर जाळीवर बाहेरून पाणी ओतायचं म्हणजे आत चिकटलेलं सगळं बाटलीत उतरतं. आतून ओतायचं नाही, त्या पाण्यातलं प्लँक्टन पण मोजलं जाईल.

काम तिसरं : ओखा

बडोद्याहून सौराष्ट्र मेल थेट ओख्याला जाते. दर महिन्याला कोणाला जमणार, नोकरी-संसार आहेत, पण वर्षातून चार वेळा जमवता येतं आणि त्या चार वेळा नीट निवडायच्या. नोव्हेंबरचा शेवट, जानेवारीचा शेवट, मार्च आणि मे. यात हिवाळा चढताना, ऐन भरात, उतरताना आणि पूर्ण उपाशी असे चारही टप्पे येतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, जून-जुलैत मासेमारीच बंद असते, तेव्हा जाऊ नका. द्वारकेला जाणारे नातेवाईक असतील तर त्यांच्याबरोबर मधले नमुने मागवता येतील पण तीच जाळी आणि तीच पद्धत देऊन, नाहीतर त्याचा उपयोग नाही.

जागा एकच ठरवा आणि बदलू नका. कच्छच्या आखातात मरीन नॅशनल पार्क आणि अभयारण्य आहे, त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी टाकायची नाही, आधी विचारा. बंदराच्या जेट्टीवरही विचारूनच. मासेमारांशी बोला, आदराने, घाईत असतील तर थांबून. पाण्याचा रंग कधी बदलला, जाळ्याला चिकट लागतंय का, रात्री पाणी चमकलं का, ही माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नाही आणि ती तारखेसकट वहीत लिहा.

वेळ ठरवताना दोन गोष्टी पाळा. पहिली भरती, प्रत्येक वेळी भरती पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधी, म्हणजे बाहेरचं समुद्राचं पाणी आलेलं असतं, ओहोटीला खाडीचं आणि गाळाचं येतं. दुसरी दिवस-रात्र, कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) आणि बाकीचे बरेच प्राणी-प्लँक्टन रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात, त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतलेत तर फरक ऋतूचा की वेळेचा हे कधीच कळणार नाही. दोन्ही जुळवायचं तर पंचांग उघडा, दर वेळी एकाच तिथीच्या आसपास गेलात तर सकाळच्या भरतीची वेळ साधारण जुळते.

तिथे पोचल्यावर क्रम असा. आधी पाण्याचं तापमान, मग खारटपणा साध्या रिफ्रॅक्टोमीटरने, मग पांढरी थाळी दोरीने सोडून ती कुठल्या खोलीला दिसेनाशी होते ते माप. ही थाळी १८६५ पासून वापरात आहे, सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूची, आणि दीडशे वर्षांनंतरही तिच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ साधन दुसरं नाही, स्टीलच्या ताटाला पांढरा रंग मारला तरी चालतं. त्यानंतर एक लिटर पाणी सरळ बाटलीत, जाळीशिवाय. त्यानंतर जाळी, १० मीटर ओढायची.

जाळीशिवायची बाटली कशाला असं विचारतात. कारण जाळीतून ५० मायक्रॉनपेक्षा लहान सगळं निसटतं, आणि उष्ण समुद्रात बहुतेक वनस्पती-प्लँक्टन त्याहून लहानच आहे. फक्त जाळी बघणाऱ्याला कायम वाटणार की समुद्रात मोठे डायटम आणि कोपेपॉडच आहेत.

नमुना टिकवायला लुगोल, म्हणजे आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, केमिकलच्या दुकानात तयार मिळतं. बेटाडिन म्हणजे लुगोल नव्हे, ते घालू नका. थेंब थेंब टाका, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं की बस. फॉर्मलिन घरात आणू नका, मुलं असतात, आणि ते कॅन्सरकारक आहे. बाटलीवर बाहेरून मार्करने लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने तारीख, जागा, वेळ, भरती लिहून चिठ्ठी आतच टाका. आणि एक छोटी बाटली लुगोल न घालता जिवंत ठेवा, त्याच संध्याकाळी बघायला, कारण काही जीव हालचालीवरूनच ओळखता येतात आणि लुगोलने नॉक्टिल्युकासारखे नाजूक फुगे आकसतात. हिवाळ्यात ती बाटली अंधाऱ्या खोलीत हलकेच हलवा. नॉक्टिल्युका असेल तर निळे ठिणगीएवढे ठिपके चमकतात.

मोजायचं कसं

लिटरची बाटली दोन दिवस न हलवता ठेवा, सगळं तळाशी बसतं, मग वरचं पाणी बारीक नळीने हळूच काढून टाकून ५० मिलिलिटर उरवा. जाळीचा माल पण ५० मिलिलिटर करा. त्यातला एक मिलिलिटर मोजणीच्या काचेवर. सेजविक-राफ्टर म्हणून काच मिळते, ५० बाय २० मिलिमीटर, एक मिलिमीटर खोल, बरोबर एक मिलिलिटर मावतो आणि हजार चौकोन आखलेले असतात.

जातीपर्यंत ओळखायच्या मागे लागू नका, तिथे लोक अडकतात आणि सोडून देतात. गट करा. साखळीतले डायटम, म्हणजे काटे असलेले कीटोसेरॉससारखे. मोठे गोल डायटम, कॉसिनोडिस्कस, मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी. लांबट काडीसारखे. शिंगं असलेले डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे चाबकासारख्या शेपटीने पोहणारे एकपेशीय. बाकीचे डायनोफ्लॅजेलेट. नॉक्टिल्युका. ट्रायकोडेस्मियमच्या जुड्या. टिंटिनिड, फुलदाणीत बसलेले एकपेशीय. मोठे कोपेपॉड. कोपेपॉडची पिल्लं, सहा पायांची. आणि इतर, ज्यात माशाची अंडी, खेकड्याची पिल्लं, बाणकिडे सगळं. एवढे गट शेवटपर्यंत तेच ठेवा, मधे एखादा फोडून दोन केलेत तर मागचं सगळं परत मोजावं लागेल.

किती मोजायचे? १०० मोजले तर आकडा साधारण २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो, ४०० मोजले तर १० टक्के. म्हणजे दोन भेटींत १५ टक्क्यांचा फरक दिसला आणि तुम्ही १०० च मोजले असतील तर तो फरक आहे असं म्हणायचंच नाही. एकूण ३०० ते ४०० होईपर्यंत मोजा, कंटाळा आला तर चहा प्या आणि परत बसा.

हिशोब सोपा आहे. २० सेंटीमीटरच्या रिंगचं तोंड ०.०३१४ चौरस मीटर, १० मीटर ओढली म्हणजे ०.३१४ घनमीटर, ३१४ लिटर पाणी गाळलं. एका मिलिलिटरमध्ये ४० कोपेपॉड आले तर ५० मिलिलिटरमध्ये २०००, भागिले ३१४, म्हणजे लिटरला सहाच्या आसपास. बहराच्या दिवसांत जाळी लवकर बंद होते, तेव्हा १० ऐवजी ५ मीटरच ओढा आणि वहीत तसं लिहा.

वहीतून काय वाचायचं

आकडे एक्सेलमध्ये टाका पण आधी प्रत्येक गटाचा टक्का काढा, नुसती संख्या बघू नका. एकूण संख्या दुप्पट झाली ही बातमी लहान, डायटम ७० टक्क्यांवरून १० वर आले आणि नॉक्टिल्युका वर गेला ही बातमी मोठी. रामोन मार्गालेफ या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलं होतं की पाणी ढवळलेलं आणि खत भरपूर असेल तर डायटम, पाणी शांत आणि खत कमी असेल तर डायनोफ्लॅजेलेट. तुमचे चार नमुने या रेघेवर कुठे बसतात बघा, शेजारी तापमान आणि थाळीची खोली ठेवा, आणि जिथे बसत नाहीत तिथे जास्त वेळ द्या.

प्राणी-प्लँक्टनच्या बाबतीत एक गंमत माहीत असू दे. अरबी समुद्रात वनस्पती-प्लँक्टन ऋतूप्रमाणे इतकं वर-खाली होतं, तरी त्यांना खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांचं एकूण वजन वर्षभर जवळजवळ सारखंच राहतं, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवलं. उपाशी महिन्यांत ते खातात काय? तर बॅक्टेरिया, त्यांना खाणारे एकपेशीय, त्यांना खाणारे टिंटिनिड, अशी बारीक जीवांची साखळी. म्हणून मे महिन्यात डायटम नसताना कोपेपॉड दिसले तर मोजणी चुकली असं समजून खोडू नका, त्याच नमुन्यात टिंटिनिड किती आहेत ते बघा.

वर्षा-वर्षांचा फरक दिसला की लगेच हवामान बदल म्हणायची घाई होते, सगळ्यांनाच होते. एल निनो, हिंदी महासागरातला डायपोल (पूर्व-पश्चिम बाजूंच्या तापमानाचा झोका), एखाद्या वर्षी कमजोर पडलेला उत्तरेचा वारा, यांनी एका वर्षाचं चित्र पार फिरतं. उपग्रहाच्या क्लोरोफिलमध्ये हवामान बदलाचा ठसा या उलथापालथीतून वेगळा काढायला सुमारे ४० वर्षांची सलग मालिका लागते असं २०१० च्या एका अभ्यासात हिशोब करून दाखवलंय. उष्ण समुद्रातली नमुना म्हणावी अशी मालिका हवाईजवळची, स्टेशन अलोहा, ऑक्टोबर १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला जहाज तिथे जातं आणि तेच मोजतं. व्हेनेझुएलाजवळची कॅरियाको १९९५ ला सुरू झाली आणि २०१७ ला थांबली, आणि थांबलेल्या मालिकेतली मधली वर्षं परत मिळत नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं.

पण म्हणून काहीच कळत नाही असंही नाही. पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती-प्लँक्टन २० टक्क्यांपर्यंत घटलं असा अंदाज २०१६ च्या अभ्यासात आला, कारण वरचं पाणी तापलं आणि थर ढवळणं कमी झालं. आणि २०२३ मध्ये मोडिसच्या २० वर्षांच्या आकड्यांतून दिसलं की जगातल्या ५६ टक्के समुद्राचा रंग बदललाय, तो मुख्यतः उष्ण पट्ट्यात. त्यांनी एकट्या क्लोरोफिलवर न थांबता सगळ्या रंगछटा एकत्र बघितल्या, म्हणून २० वर्षांत दिसलं. पेशी उन्हात असली की क्लोरोफिल कमी ठेवते आणि सावलीत जास्त, त्यामुळे तो एकच आकडा धरून बसलं की समुदाय बदललेला लपून जातो. तुमच्या वहीतले गटाचे टक्के इथेच कामाला येतात.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये करा, मे मध्ये नको. मे मध्ये पहिलीच बाटली रिकामी दिसते आणि उत्साह जातो. जाळी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन शिवून टाका. आणि मोजून झालेल्या बाटल्या फेकू नका, तपकिरी काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी बघून रंग फिका झाला असेल तर दोन थेंब लुगोल घाला. दोन-तीन हिवाळ्यांचे नमुने जमले की विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या कोणाला तरी वहीसकट दाखवा, तुम्ही "इतर" मध्ये टाकलेल्यांची नावं तिथे कळतील.